एका भाकरीचं पीठ

मोशीला आमच्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्यांवरून शिफ्ट ओळखता येते. पहाटे साडेचारच्या शिट्ट्या फर्स्टवाल्यांच्या. सात-साडेसातच्या जनरलवाल्यांच्या. दुपारी बाराच्या सुमाराला सेकंडवाले गरम भात खाऊन बाहेर पडतात. आणि रात्री साडेबाराला, खाली पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरची रांग तेवढी जागी असते, तेव्हा वरच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावतं. सेकंड सुटून आलेला एखादा मुलगा असावा. आधी जिऱ्या-लसणाच्या फोडणीचा वास खाली येतो, मग तीन शिट्ट्या होतात, मग सगळं शांत. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या शिट्ट्या मोजते. त्या मुलाचं नाव मला ठाऊक नाही. पण आठ तास मशिनवर उभं राहून आल्यावर, एवढ्या रात्री, तो स्वतःसाठी खिचडी टाकतो, याचं मला मनापासून बरं वाटतं.

आमचा हा सगळा पट्टा एकटं आलेल्या माणसांनीच उभा केला आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं, मग चिंचवड, आकुर्डी, भोसरी असं करत शेड थेट चाकण-महाळुंग्याच्या शेतांपर्यंत जाऊन पोचल्या. लातूर, बीड, परभणी, बुलढाणा, जळगाव इथून माणसं आली, येत आहेत. आता बिहार-ओडिशातूनही येतात. पहिल्यांदा येणारा बहुतेक एकटाच येतो. जवळ आयटीआयचं नाहीतर डिप्लोमाचं सर्टिफिकेट, एक बॅग आणि त्या बॅगेत आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. ‘कॉट बेसिस’ची पाटी बघून तो एका खोलीत पाचवा किंवा सहावा म्हणून टेकतो. आपल्याकडे मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर अन्नपूर्णेची मूर्ती देतात. नोकरीला निघालेल्या लेकराला ती कुणी देत नाही. त्यालाही भूक लागणार आहे आणि त्यालाही रोज चूल पेटवावी लागणार आहे, हे जणू कुणाच्या ध्यानातच येत नाही.

पूर्वी मुंबईच्या गिरणगावातही हेच होतं. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवत. त्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची पोटं भरणाऱ्या त्या हातांना अन्नपूर्णेचं नाव मिळालं, हे मला फार योग्य वाटतं. आमच्याकडे त्या खानावळीची मेस झाली. मेसचा एक शब्द मला विशेष आवडतो: खाडा. जेवायला येणार नसलं तर आदल्या दिवशी काकूंना खाडा सांगायचा. कामावर गेलं नाही तरी खाडा, जेवायला गेलं नाही तरी खाडा. म्हणजे जेवणाचीही कुठेतरी हजेरी लागत होती.

चाकणला एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात मी लागले तेव्हा पहिली तीन वर्षं मेसलाच जेवले. काकूंच्या आमटीवर ती वर्षं निभावली, ते ऋण आहे. मग स्वतःची खोली झाली, ओटा झाला, शेगडी झाली. आणि खाडा सांगायला कुणी उरलं नाही, तसे माझे जेवणाचे खाडे पडत गेले. ‘एकटीसाठी कशाला करायचं?’ एवढं एक वाक्य पुरत होतं. दूध-बिस्कीट, गाड्यावरचा वडापाव, ओट्याशी उभ्यानं खाल्लेलं केळ. एका हिवाळ्यात जिन्यावर चक्कर येऊन बसले. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन खाली गेलेलं. दिवसभर मी कारखान्यात मायक्रॉनमध्ये मोजमापं घेत होते आणि स्वतःच्या पोटात दिवसाकाठी किती जातं, याचा हिशोब मात्र कधी ठेवला नव्हता.

एकट्या माणसाच्या स्वयंपाकात खरी अडचण मापाची असते. चाकणचा बाजार कांदा-बटाट्याचा; तिथं सगळं पोत्यानं. कोबीचा गड्डा चौघांचा असतो, मेथीची जुडी तिघांची असते, आणि मोठ्या कुकरात मूठभर डाळ टाकली तर ती तळाला चिकटते. मी हळूहळू शिकले. दीड लिटरचा छोटा कुकर घेतला. मेथीची जुडी आणली की पहिल्या दिवशी लसणाची फोडणी देऊन भाजी, दुसऱ्या दिवशी डाळीत, तिसऱ्या दिवशी उरलेली पानं धपाट्यात. वाटीभर तुरीची डाळ शिजवली की अर्धीचं वरण, आणि उरलेलीत दुसऱ्या रात्री येसर घालून चकोल्या. भाजीवाल्या मावशींना आता सांगावं लागत नाही. दोन वांगी, पावशेर भेंडी, चार मिरच्या पिशवीत पडतात आणि कोथिंबिरीची जुडी त्या माझ्यासाठी आपणहून मोडतात. एकटीनं खाणाऱ्या बाईसाठी जुडी मोडायची, हा त्यांनी दिलेला मान आहे असं मी समजते.

पण ही मापाची अडचण जिला कधी आलीच नाही अशी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकात आहे, ती म्हणजे भाकरी. पोळीची कणीक एकदम भिजवून मुरत ठेवतात. भाकरीचं पीठ भाकरीगणिक मळायचं असतं. दहा माणसांच्या घरातसुद्धा परातीत एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळलं जातं. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नाही. तिला धरून ठेवतं ते गरम पाणी आणि हाताची रग. परातीत दोन मुठी पीठ घ्यायचं, मधे आळं करायचं, त्यात कढत पाणी ओतून कालवायचं आणि मग तळहाताच्या टाचेनं रगडायचं, गोळा लोण्यासारखा होईपर्यंत. पीठ जुनं असेल, त्याची विरी गेली असेल, तर ते इथंच कळतं. कडा चिरायला लागतात. खाली पीठ भुरभुरून थापायला घेतलं की हात एका लयीत पडतो आणि भाकरी आपोआप फिरत जाते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकत आलं की उलटायची. शेवटी जाळावर धरली की पापुद्रा सुटतो आणि ती टम्म फुगते. या सगळ्याला पाच-सात मिनिटं लागतात. त्या वेळात मला चाकणचा ट्रॅफिक आठवत नाही की उद्याचं ऑडिट.

माझी आई लातूरकडच्या आमच्या घरी रोज वीस-बावीस भाकऱ्या थापायची. आधी आजोबा आणि बाबा, मग आम्ही मुलं, मग शेतावरचा गडी. प्रत्येकाच्या ताटात तव्यावरची भाकरी पडायची. सगळ्यांचं झाल्यावर चूल विझवून, भांडी आवरून, ती चुलीपाशीच बसायची. ताट नसायचं, कालवणाच्या पातेल्यातच भाकरी कुस्करायची. तिच्या वाट्याची भाकरी एक तर कडेला चिरलेली असायची, नाही तर सकाळची. माझी आई जन्मभर एकटीच जेवली, आणि एकटीसाठी म्हणून तिनं कधी काही रांधलं नाही. माझ्या ‘एकटीसाठी कशाला’ची मुळं कुठं आहेत ते मला फार उशिरा कळलं. ते वाक्य मी तिच्याकडूनच उचललं होतं, आणि तिनं तिच्या आईकडून.

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती माझ्याकडे राहिली होती. डॉक्टरांनी जाळापुढे बसायला मनाई केली होती, म्हणून नाइलाजानं ती पानावर बसली. मी ताट वाढलं. डावीकडे मीठ, लिंबू, ठेचा. उजवीकडे वांग्याची भाजी. कांदा बुक्कीनं फोडून ठेवला. ती सारखी म्हणत होती, “तू बस की गं, आधी तू जेव.” मी जाळावरची भाकरी तशीच तिच्या ताटात टाकली. तिनं पापुद्रा मोडला, आतली वाफ बोटांना लागली आणि तिनं हात मागं घेतला. मग फुंकर घालून पहिला घास खाल्ला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तव्यावरची अशी लागती व्हय?”

पंचेचाळीस वर्षं भाकऱ्या थापणाऱ्या बाईचं हे वाक्य आहे. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या घरात करणारी एक आणि खाणारे दहा असतात, तिथं गरम भाकरी करणारीच्या वाट्याला येत नाही. एकटं राहणाऱ्या माणसाच्या घरात करणारी आणि खाणारी एकच असते. तव्यापासून ताट हातभर अंतरावर असतं. भाकरी फुगली की गॅस बंद करायचा आणि बसायचं. आईला जे जन्मभर मिळालं नाही ते मला रोज मिळू शकतं, आणि तरी मी उभ्यानं केळ खात होते.

यावर आपल्याकडचे जुने दाखले कुणी देईल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 117 व्या सूक्तात एकट्यानं खाणाऱ्याला पापाचा धनी म्हटलं आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही केवळ स्वतःसाठी शिजवणाऱ्यांविषयी तसंच कठोर बोललं आहे. मी या वचनांवर खूप विचार केला आहे. ती मला खोटी वाटत नाहीत. पण त्यांचा रोख घरात धान्य असून दारातल्या भुकेल्याला हाकलणाऱ्यावर आहे. वाटून घ्यायला समोर कुणीच नसलेल्या माणसाला ती उपाशी बसा असं सांगत नाहीत. मी पहिला तुकडा खिडकीच्या कठड्यावर ठेवते, कावळा किंवा साळुंकी घेऊन जाते. चकोल्या जास्त झाल्या तर वाटी शेजारी जाते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा पंगतीत वाढायलाही मी जाते. पंगतीचं सुख वेगळं आणि ते मला हवंच आहे. पण वर्षातले बाकीचे दिवस पंगतीची वाट बघत काढता येत नाहीत.

मला या बाबतीत आधार वाटतो तो कारखान्याच्याच जुन्या कायद्याचा. 1948 च्या कारखाना अधिनियमात कामगाराकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही आणि मधे किमान अर्धा तास विश्रांती द्यायची असं लिहिलं होतं. अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथं कँटीनची तरतूद होती. म्हणजे राबणाऱ्या माणसाला बसून जेवायला वेळ मिळाला पाहिजे, ही गोष्ट कायद्याला इतकी महत्त्वाची वाटली. घरी असा कायदा नसतो. म्हणून मी तो स्वतःपुरता केला. रात्रीचा अर्धा तास जेवणाचा. फोन आतल्या खोलीत. सतरंजी घालायची, ताट पूर्ण वाढून घ्यायचं, मग बसायचं. डावी बाजू रिकामी ठेवायची नाही. काही नसलं तर चिमूटभर मीठ आणि शेंगदाण्याची चटणी तरी हवीच. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. मला आग्रह करणारं कुणी नाही, म्हणून अर्धी भाकरी झाली की मी थांबते आणि आणखी हवी का ते स्वतःला विचारते. हवी असेल तर पुन्हा उठून आणखी एका भाकरीचं पीठ मळते. त्याचा कंटाळा करायचा नाही, एवढा एकच नियम.

असं जेवायला लागल्यापासून चवी स्पष्ट झाल्या. नव्या ज्वारीचा गोडवा कळतो, मिरचीत खरडलेलं मीठ कमी पडलं तर पहिल्या घासाला कळतं, ताकाला आलेला जास्तीचा आंबटपणा कळतो. दहा जणांत बोलताना हे निसटून जातं. हिमोग्लोबिन पुढच्या वर्षी वर आलं. आई आता फोनवर “जेवलीस का?” असं विचारत नाही. “काय केलंस?” असं विचारते, आणि मी सांगितलेलं नीट ऐकून घेते. तीही आता शेवटची भाकरी तव्यावरून काढली की लगेच बसते म्हणे. भांडी नंतर घासते.

ज्यांची मुलं-मुली या पट्ट्यात नोकरीला आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. फोन केलात की जेवलास का एवढ्यावर थांबू नका. काय केलंस, ते विचारा. आणि पुढच्या वेळी घरातलं कुणी चाकणला, भोसरीला किंवा आणखी कुठं नोकरीला निघालं, तर चटणीच्या डब्याबरोबर बॅगेत एक तवा घाला. मुलगा असो की मुलगी, निघण्याआधी त्याला एका भाकरीचं पीठ मळायला शिकवा.