लांबचा विमानप्रवास: जास्त लेगरूमची सीट नक्की कोणासाठी?

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी लंडनला आणि आईबाबा पुण्यात, इंदूरला किंवा बडोद्यात. आज अनेक मराठी घरांत हे चित्र नवीन राहिलेले नाही. मुलीचे बाळंतपण, नातवाचा वाढदिवस किंवा मुलाचे नवे घर, काही ना काही निमित्ताने परदेशवारी ठरते. मग चकली, मेतकूट आणि गोडा मसाला घरच्या वजनकाट्यावर चढतो. व्हिसा, विमा, औषधे, सगळ्याची यादी होते. पण ज्या सीटवर अख्खी रात्र काढायची असते, ती मात्र तिकीट काढताना घाईघाईत निवडली जाते.

मुंबईहून थेट विमानाने लंडनला साधारण १० तास लागतात आणि न्यूयॉर्कला साधारण १६. बिझनेस क्लासचे भाडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते. अशा वेळी इकॉनॉमीतच थोडे जास्त पैसे भरून ‘एक्स्ट्रा लेगरूम’ची सीट घेण्याचा पर्याय मोबाइलच्या स्क्रीनवर दिसतो. पैसे भरायचे का? आणि भरायचे तर घरातल्या कोणासाठी? चला, नीट समजून घेऊया.

लेगरूम म्हणजे नक्की किती जागा?

विमान कंपन्या ‘सीट पिच’ हा शब्द वापरतात. तुमच्या सीटच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे सीट पिच. यात सीटच्या पाठीची जाडीही मोजलेली असते, त्यामुळे गुडघ्यांना मिळणारी जागा या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. लांब पल्ल्याच्या विमानात इकॉनॉमीचे पिच साधारण ३१ ते ३२ इंच असते. जास्त लेगरूमच्या सीटला ते बहुधा ३४ ते ३६ इंच मिळते. म्हणजे फरक असतो चार-पाच बोटांचा. उंच माणसाला तो फरक लगेच जाणवतो, बुटक्या माणसाला फारसा नाही.

यात सीटची रुंदी वाढत नाही, हे लक्षात ठेवा. रुंदी ठरते ती विमानावरून. बोइंग ७७७ मध्ये बऱ्याच कंपन्या एका रांगेत १० सीट बसवतात आणि प्रत्येकाला साधारण १७ इंच मिळतात. एअरबस ए३५० मध्ये ९ सीटच्या रांगेत ही रुंदी १८ इंचांच्या आसपास असते. खांदे रुंद असतील तर कोणते विमान आहे, हे आधी पाहा.

शब्दांनीही फसू नका. ‘प्रीमियम इकॉनॉमी’ हा वेगळा, रुंद सीटचा आणि बराच महाग वर्ग आहे. ‘प्रेफर्ड सीट’ म्हणजे अनेकदा फक्त पुढच्या बाजूची सीट असते, पायांना जागा तेवढीच. पैसे भरण्यापूर्वी ‘लेगरूम’ हा शब्द तिथे लिहिलेला आहे का, ते वाचा.

तीन प्रकारच्या सीट, तीन प्रकारच्या अडचणी

इमर्जन्सी एक्झिटची रांग : इथे सर्वांत जास्त जागा मिळते. काही सीटसमोर तर पुढची सीटच नसते. पण टेबल आणि स्क्रीन हाताच्या दांड्यात बसवलेले असल्याने दांडा वर होत नाही आणि सीट थोडी अरुंद वाटते. दाराजवळ गारवा जास्त असतो. खिडकीच्या बाजूला दाराचा फुगीर भाग पायाच्या आड येऊ शकतो. जवळ स्वच्छतागृह असेल, तर लोक तुमच्या पायाशीच रांग लावून उभे राहतात.

बल्कहेड, म्हणजे भिंतीसमोरची रांग : समोरचा प्रवासी सीट मागे टाकेल ही भीती नाही. पण भिंतीमुळे पाय पूर्ण लांब करता येतीलच असे नाही. बाळासाठीचा बॅसिनेट याच भिंतीवर लावतात, म्हणून तान्ह्या बाळांचे आईवडील इथे बसतात. तुमच्यासोबत तान्हे बाळ असेल तर ही रांग तुमच्यासाठीच आहे, मात्र बॅसिनेटसाठी विमान कंपनीला आधी कळवावे लागते. शांत झोप हवी असेल तर दुसरी जागा शोधा.

जास्त पिचच्या साध्या रांगा : इथे दिसायला सगळे नेहमीसारखेच असते, फक्त रांगांमध्ये अंतर जास्त ठेवलेले असते. सामान समोरच्या सीटखाली ठेवता येते आणि एक्झिटच्या अटीही नसतात. ज्येष्ठांसाठी या तिन्हींत हाच पर्याय सोयीचा.

व्हीलचेअर मागितली असेल तर सावधान

परदेशी विमानतळावरचे लांब चालणे आणि भाषेची अडचण टाळण्यासाठी मुले आईबाबांच्या तिकिटावर व्हीलचेअरची नोंद करतात. ते योग्यच आहे. पण त्याच तिकिटावर हौसेने इमर्जन्सी एक्झिटची सीट घेतली, तर काउंटरवर ती बदलली जाते.

याचे कारण सुरक्षेचे आहे. आणीबाणीत या रांगेतल्या प्रवाशाला दार उघडण्यास मदत करावी लागते. त्यामुळे तो धडधाकट हवा, सूचना ऐकून आणि वाचून समजणारा हवा आणि मदतीला तयार हवा. लहान मुले, गर्भवती, बाळ सोबत असलेले आणि चालायला आधार लागणारे प्रवासी इथे बसू शकत नाहीत. अटी पूर्ण होत नसल्यामुळे सीट बदलली, तर भरलेले पैसे परत मिळतीलच असे नाही.

इंच महत्त्वाचे की उठणे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लांबच्या प्रवासात एकाच जागी बसून राहिल्याने पायाच्या खोल नसांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ४ तासांहून जास्त प्रवास सलग बसून केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरून जाण्याचे कारण नाही, निरोगी माणसात हे प्रमाण सुमारे ६,००० मध्ये १ इतकेच आहे. मात्र लठ्ठपणा, गर्भनिरोधक गोळ्या, आधी कधी झालेली गुठळी यांमुळे धोका वाढतो.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सुमारे ६ फूट ३ इंचांपेक्षा उंच माणसांप्रमाणेच ५ फूट ३ इंचांपेक्षा कमी उंचीच्या माणसांनाही धोका जास्त असतो. आपल्याकडच्या कितीतरी आई, मावशी, आत्या याच उंचीच्या आहेत. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत तेव्हा सीटची कड मांडीखाली दाबत राहते. अशा बाईला पुढे मोकळी जागा देऊन फारसा उपयोग नाही, तिला पायाखाली आधार हवा. साध्या सीटवर छोटी बॅग पायाखाली घेता येते. एक्झिट आणि बल्कहेडच्या रांगेत मात्र उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बॅग वरच ठेवावी लागते.

अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१२ मध्ये मांडलेला निष्कर्षही लक्षात घेण्यासारखा आहे. निव्वळ इकॉनॉमीत बसल्याने गुठळी होते याला पुरावा नाही. धोका वाढतो तो खिडकीजवळ बसून तासन् तास न उठल्याने.

म्हणजे पहिला प्रश्न इंचांचा नाही, उठता येण्याचा आहे. माझी मावशी लेकीकडे अमेरिकेला गेली तेव्हा तिची सीट मधली होती. दोन्ही बाजूंचे प्रवासी झोपलेले. तिने रात्रभर पाणीच प्यायले नाही, कारण पाणी प्यायले की उठावे लागणार. ‘कोणाला उठवायचं गं झोपेतून?’ असे ती नंतर सहज म्हणाली. तिला चार बोटे जास्त जागा मिळाली असती, तरी ती उठली नसतीच. तिला हवी होती ती पॅसेजची, म्हणजे आयल सीट.

घरात कोणाला कोणती सीट?

  • नवराबायको दोघेच असाल, तर पॅसेजच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन आयल सीट घ्या. सोबतही राहते आणि दोघांनाही कोणाला न विचारता उठता येते.

  • ए३३० विमानात खिडकीच्या बाजूला बहुधा दोनच सीट असतात. जोडप्यासाठी ही उत्तम सोय.

  • जास्त लेगरूमसाठी पैसे भरायचे असतील, तर ते उंच व्यक्तीसाठी किंवा गुडघा पूर्ण वाकत नाही अशा व्यक्तीसाठी भरा. उजवा गुडघा दुखत असेल, तर पॅसेज उजव्या हाताला येईल अशी सीट निवडा. ट्रॉली येताना पाय मात्र आत घ्या.

  • ‘मला काय, कुठेही चालेल’ असे आई म्हणाली, तरी मधली सीट तिच्या वाट्याला टाकू नका.

  • १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना एकाच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांजवळ बसवावे, असा निर्देश आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिला आहे. जवळची सीट मिळाली नाही तर हा नियम सांगा.

पैसे भरण्यापूर्वी

विमानाचे मॉडेल पाहून सीटचा नकाशा तपासा. काही सीटखाली मनोरंजन यंत्रणेचा डबा असतो, तो पायाची जागा खातो. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असेल, तर विमान चालवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून सीट निवडा. प्रवासाच्या आठवडाभर आधी सीट पुन्हा बघा, कारण विमान बदलले की सीटही बदलू शकते. सीटची पावती जपून ठेवा. कंपनीने घेतलेली सीट दिली नाही, तर त्या पावतीवर पैसे परत मागता येतात.

आणि सीट कोणतीही मिळो, दर तास-दोन तासांनी उठून एक फेरी मारा. बसल्या बसल्या घोटे गोल फिरवा, टाचा वर-खाली करा. पाणी पीत राहा. झोपेची गोळी टाळा. डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिन घेऊ नका आणि कॉम्प्रेशन मोजे लागतील का, हे निघण्यापूर्वी त्यांनाच विचारा.

आईबाबांचे तिकीट तुम्ही काढत असाल, तर त्यांना एवढे नक्की सांगा : शेजारच्याला ‘एक्सक्यूज मी’ म्हणून उठवण्यात काहीही गैर नाही. ते तिकिटाच्या पैशांतच आले.