धारेवर, जोडीजोडीने

म्युनिक,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दादा,


तुझा टोमणा पोहोचला. रोपवेने वर जायचं, धारेवरून फिरायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, याला तुमच्याकडे क्लाइंब म्हणतात का, असं विचारलंस. म्हणतात. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

रोपवे आहे हे खरं, १९५७ पासून आहे. म्युनिकहून सकाळच्या गाडीने प्रीन, तिथून छोट्या गाडीने आशाऊ, मग रोपवे. काम्पेनवांडचं शिखर १६६९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून वीसेक मीटरच जास्त. इथल्या लोकांची या डोंगरावरून एक जुनी थट्टा आहे: जायला फार आवडलं असतं, पण पोट आडवं येतं. तर असा हा घरगुती डोंगर. पण त्याच्या माथ्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे चुनखडीची दातेरी धार उभी आहे आणि आम्ही ती आडवी पार केली. ग्रेड तीन, एखाद्या जागी चारला टेकणारी. सहा आकड्यांची ही पट्टी म्युनिकच्याच विलो वेल्त्सेनबाखने १९२०च्या दशकात बसवली. १९३४ साली तो नंगा पर्बतवर गेला तो परत आला नाही. त्याच्या हिशेबात सहा म्हणजे माणसाच्या कुवतीचं टोक. तीन म्हणजे, तुझ्या भाषेत, हात खिशात घालून.

हातांना सोपंच होतं, त्यावर वाद नाही. कातळही पक्का. आपल्याकडे धरलेला होल्ड हातात येईल का ही धास्ती असते. इथे धास्ती उलटी. पिढ्यान्‌पिढ्या लोक नेमक्या त्याच पायरीवर बूट ठेवत आलेत, त्यामुळे ती देवळाच्या उंबरठ्यासारखी गुळगुळीत झालीय. गुडघ्याच्या उंचीवर पांढुरकी चमक दिसली की समजायचं, पाय इथेच ठेवायचाय आणि तो इथेच सटकणार आहे.

पण मला सांगायचंय ते दोराबद्दल. आम्ही आठ जण होतो आणि आमच्या लीडरबाईंनी (साठी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातला) स्टेशनवरच चार जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीचा आपला दोर, आपल्या स्लिंग, आपला निर्णय. आपण कसं करतो? तू लीड करतोस, वर दोर बांधतोस आणि खालची वीस डोकी एकेक करून वर येतात. लिंगाण्याला ते ठीक आहे, तिथे टप्पे मोठे आणि थांबायला जागा ठरलेल्या. धारेवर टप्पा दहा-पंधरा मीटरचा, मग थोडं चालणं, मग पाच मीटर उतार, मग पुन्हा सुळका. असे डझनभर तुकडे. एका दोरावर आठ माणसं आणि माणशी दहा मिनिटं धरली तर एका तुकड्याला सव्वा तासाच्या वर. अंधार होईल आणि आपण अजून दुसऱ्या सुळक्यावर गोळ्या-बिस्किटं वाटत बसलेले असू. आणि आल्प्समध्ये उन्हाळ्याच्या दुपारी ढग कधी चढतील ते सांगता येत नाही. पूर्वेच्या टोकावर बारा मीटरचा लोखंडी क्रूस उभा आहे, विजेला आणखी काय हवं? (तो १९५० साली, दोन्ही महायुद्धांत गेलेल्या या भागातल्या माणसांच्या स्मरणार्थ उभारलेला.)

त्यामुळे बहुतेक वेळ दोघंही एकाच वेळी चालत असतात, मध्ये दहाएक मीटर दोर, उरलेला खांद्यावर गुंडाळलेला. दुसऱ्याचा दोर धरून बिले द्यायला कुणी थांबत नाही. मग पडलं तर? गंमत इथेच आहे. पुढचा माणूस दोर दगडांच्या शिंगांमधून विणत जातो: एका शिंगाच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून, मध्ये एखादी स्लिंग टाकून कॅराबिनर. एक जण या बाजूला गेला की दोर शिंगावर अडतो आणि दुसऱ्याचं वजन पलीकडे राहतं. सगळा खेळ दोर ढिला न ठेवण्याचा. मी मागे होते. तासाभरात माझं लक्ष कातळावरून उडालं आणि पूर्ण त्या दोराच्या पोटावर बसलं: जमिनीला लागतोय, वेटोळं हातात घे, ताणला जातोय, दोन पावलं पुढे हो. खाली कीमझे सरोवर पसरलेलं होतं, ऐंशी चौरस किलोमीटरचं निळं पाणी. मी ते नीट पाहिलं फक्त खाताना.

कुठे दोघांनी चालायचं आणि कुठे थांबून बिले द्यायचा, हे जोडीनेच ठरवायचं. बाई सांगत नाहीत. एका खाचेपाशी माझ्या जोडीदाराने "थांबूया?" असं नुसत्या भुवईने विचारलं, मी मान हलवली, त्याने शिंगाला स्लिंग टाकली. मागच्या जोडीने तीच खाच न थांबता पार केली. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. आपल्या ग्रुपमध्ये यावर पुढचे दोन महिने चर्चा झाली असती.

बाईंची दुसरी अक्कल जोड्यांच्या क्रमात दिसली. सगळ्यांत हळू जोडी त्यांनी स्वतःच्या मागोमाग ठेवली. शेवटी ठेवली असती तर मागे पडते आहे हे कुणाला कळलंच नसतं. पुढे ठेवली असती तर वाट चुकली असती. शेवटची जोडी सगळ्यांत मुरलेली. आणि हाका मारायच्या त्या नावानिशी, कारण वाऱ्यात चार दोरांवरून एकच आरोळी आली तर भलताच माणूस बिले सोडायचा.

एक उणं मात्र आहे, आणि ते तुला आवडेल. दिवसभर ग्रुप असा नव्हताच. खिंडीत दोरावरून उतरायचं छोटं रॅपल होतं तिथे सगळे जमलो, सुके जर्दाळू फिरले, आणि पुन्हा जोडीजोडीने पांगलो. आपल्याकडे तो खालून ओरडणारा, फोटोला अडून राहणारा, कुणाच्या तरी फजितीवर तासभर हसणारा घोळका असतो, तो इथे नाही. रेल्वेत परतताना एका बाईंचं नाव मला पहिल्यांदा नीट कळलं.

तुमच्या क्लबच्या पोरांना तू धारेवर न्यायचं म्हणतोयस, म्हणून हे पुराण. जसंच्या तसं नाही चालणार. आपल्या बेसॉल्टला अशी शिंगं कमी, घसारा फार, आणि माथ्यावरचं वाळलं गवत या चमकत्या पायऱ्यांपेक्षा वाईट. पण एखादी रुंद, कोरडी धार निवड आणि जोड्या लावून बघ. पोरांचं काही नाही, ती चट शिकतील. तुमच्या वेळच्या मंडळींना आपला दोर दुसऱ्याच्या भरवशावर सोडायला लावणं मात्र जड जाईल, तुझ्यासकट.

वहिनीला नमस्कार. दिवाळीत येतेय, स्लिंग आणते. लांबी कळव.

तुझी,
छोटी