चाकांवरचे पाणी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरी, आमचे चिरंजीव वास्तव्यास आहेत. गतवर्षी एप्रिल महिन्यात आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा त्यांनी ग्रँड कॅन्यन पाहण्याचा बेत आखला होता. प्रवास मोटारीमागे जोडलेल्या फिरत्या घरातून व्हावयाचा होता. ‘कॅम्पिंग ट्रेलर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घरात शेगडी, बिछाने, न्हाणीघर सारे काही असते. सूर्यास्तापूर्वी घरचे जेवण होते आणि वाटेवरच्या उपाहारगृहात ‘यात काय घातले आहे’ असे विचारत बसावे लागत नाही. आपल्यासारख्या कुटुंबांना प्रवासात याहून मोठी सोय ती कोणती?

निघण्याच्या तीन दिवस आधी सौभाग्यवतींनी नित्याच्या सवयीने ट्रेलरच्या नळाला गाळणे बांधले. मिनिटभर पाणी वाहू दिले आणि कापड सोडून उन्हात धरले. पांढऱ्या गाळण्यावर पिवळसर, बुळबुळीत पापुद्रे होते. सूनबाईंचा चेहरा उतरला. दिवाळीच्या सहलीनंतर ट्रेलर अंगणातच उभा होता आणि टाकीत तेव्हाचे उरलेले पाणी तसेच राहिले होते.

चिरंजीव म्हणाले, “आई, नवा फिल्टर बसवतो, म्हणजे झालं.”

“बसव की. पण फिल्टर पाणी गाळतो बाळा, भांडं घासत नाही.”

त्यांचे म्हणणे खरे होते. शहराच्या नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते. परंतु साठवणीत क्लोरीनचा अंश उतरत जातो. मग बंद, अंधाऱ्या, उबदार टाकीच्या भिंतींवर आणि नळ्यांच्या आत सूक्ष्म जीवांचा चिकट थर धरतो. वरून ताजे पाणी भरले तरी तो थर जागीच राहतो. व्यापारात आपण जुना शिल्लक माल तपासल्याविना वखारीत नवा माल भरत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र तीच चूक आमच्या घरी झाली होती.

चिरंजीवांनी ट्रेलरची माहितीपुस्तिका काढली. टाकी सुमारे १५० लिटरची. दर ६० लिटर पाण्यास सुमारे ६० मिलिलिटर साधे, सुगंधविरहित घरगुती ब्लीच, ५ ते ६ टक्के तीव्रतेचे, असा हिशेब होता. ब्लीचची बाटली समोर आली तेव्हा सौभाग्यवतींनी मला हळूच विचारले, “अहो, हे घातलं म्हणजे आतले सगळे जीव मरणार ना?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्याकडे गाळण्यातील जीव त्याच विहिरीत परत सोडण्याची रीत आहे. येथे ती वाट कोठून असणार? थोडा वेळ विचार करून त्याच म्हणाल्या, “दोष आजचा नाही. पाणी साठवून सहा महिने विसरलो, तेव्हाच तो घडला. आता आधी हे पाणी असंच सोडून देऊ. निदान तेवढे तरी वाचतील.”

त्याप्रमाणे ब्लीच घालण्यापूर्वीच टाकीच्या व नळ्यांच्या तळाशी असलेल्या तोट्या उघडून सारे पाणी अंगणातील लिंबाच्या आळ्यात संथपणे सोडले. गिझर थंड असल्याची खात्री करून तोही रिता केला व त्याची वाट झडपेने बंद केली. जुना फिल्टर काढून ठेवला. मग ब्लीच थेट न ओतता बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत घातले व टाकी काठोकाठ भरली. पंप सुरू करून स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय आणि बाहेरचा फवारा असा एकेक नळ, गरम व थंड दोन्ही बाजूंनी, ब्लीचचा वास येईपर्यंत उघडा ठेवला. चिरंजीवांनी ट्रेलर गल्लीतून एक फेरी मारून आणला, म्हणजे हेलकाव्यांनी टाकीचा वरचा भागही धुतला जावा. हे द्रावण रात्रभर, १२ तास आत ठेवले. सकाळी ते झाडांना न देता सांडपाण्याच्या मार्गाने सोडले आणि वास पूर्ण जाईपर्यंत तीनदा स्वच्छ पाणी फिरवले. शेवटी नवा फिल्टर बसवला. ब्लीचमध्ये व्हिनेगर वा अन्य कोणतेही सफाईचे द्रव्य कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो, ही सूचना सूनबाईंनी मोठ्याने वाचून दाखवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. फिनिक्सचे उंच सग्वारो निवडुंग मागे पडत गेले आणि फ्लॅगस्टाफपाशी पाइनची वने लागली. दुपारी ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर उभे राहिलो. सुमारे १६०० मीटर खोल, लाल-तांबूस थरांची ती दरी पाहताना वाणी थांबते. तळाशी कोलोरॅडो नदी दोऱ्यासारखी दिसते. पण काठावर पाणी नाही.

येथील मेदर तळावर प्रत्येक ट्रेलरला स्वतंत्र नळजोड नाही. सामायिक नळावरून टाकी भरून घ्यावी लागते. त्या नळाचे पाणी समोरच्या उत्तर काठाखालील रोअरिंग स्प्रिंग्स या झऱ्यातून, सुमारे २० किलोमीटर लांबीच्या वाहिनीने, दरी उतरून व पुन्हा चढून येते. १९६०च्या दशकात बांधलेली ही वाहिनी आता जीर्ण होऊन वारंवार फुटते. त्याही पूर्वी कित्येक वर्षे येथे आगगाडीने पाणी आणावे लागे. हे कळले तेव्हा आम्हा मिरजकरांना एप्रिल २०१६ आठवला. आमच्याच स्थानकातून कृष्णेचे पाणी तहानलेल्या लातूरला निघाले होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाणी पाच लाख लिटर. पाणी भरण्याआधी त्या वाघिणी वाफेने धुवून घेतल्या होत्या. पाण्याआधी भांडे, हा क्रम तेथेही चुकला नव्हता.

मेदर तळावर चिरंजीवांनी नळाचे तोंड पुसले, पिण्याच्या पाण्यासाठी राखलेला पांढरा पाइप जोडला आणि दोन दिवसांना पुरेल इतकेच पाणी घेतले. सौभाग्यवतींनी पुन्हा गाळणे बांधले. कापड पांढरे शुभ्र निघाले. मग त्यांनी पाणी उकळून पहिला पेला सूनबाईंच्या हाती दिला.

परतल्यावर त्याच संध्याकाळी टाकी, नळ्या व गिझर रिते करून सर्व नळ कोरडे होईपर्यंत उघडे ठेवले. ट्रेलरच्या दाराआत सूनबाईंनी एक कागद चिकटवला आहे: ‘घरी आल्यावर आधी पाणी सोडावे, मग सामान उतरवावे.’ ज्यांची मुले परदेशी आहेत आणि असा प्रवास करतात, त्यांनी हा कागद अवश्य पाठवावा. गाळण्याची रीत आपण जपतोच. साठवलेल्या पाण्याची आठवण ठेवणे, हा त्याच यत्नाचाराचा दुसरा भाग आहे.