पोटातला पडदा जपताना

मामंजींची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा दोन वाटा होत्या. आठवड्यातून तीनदा रत्नागिरीला जाऊन रक्ताचं डायलिसिस, नाहीतर घरच्या घरी पोटाचं. उभं आयुष्य एसटीच्या स्टिअरिंगमागे काढलेल्या मामंजींनी प्रवास नको म्हणून सांगितलं. पोटात मऊ नळी बसली. दिवसातून चारदा दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तासांनी बाहेर काढायचा आणि वहीत लिहायचं: भरलं किती, निघालं किती.

हे सारं काम पोटातल्या अवयवांवरचं पातळ अस्तर करतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्याच्या बारीक रक्तवाहिन्यांतून युरिया, क्रिएटिनिन द्रवात उतरतं आणि द्रवातलं ग्लुकोज शरीरातलं जादा पाणी ओढून घेतं. १९७६ साली पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी अमेरिकेत ही पद्धत मांडली. पण पाणी काढणारं हेच ग्लुकोज वर्षानुवर्षांत पडद्याला इजाही करतं. पडदा जाड होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, साखर झटपट रक्तात शोषली जाते आणि पाणी निघेनासं होतं. मग आणखी तीव्र पिशवी लावावी लागते. १.५ टक्क्यांच्या दोन लिटर पिशवीत ३० ग्रॅम डेक्स्ट्रोज असतं, ४.२५ टक्क्यांच्या पिशवीत ८५ ग्रॅम.

म्हणूनच पायावर सूज दिसली की सिस्टर पिशवीचं नाव काढायच्या आधी विचारायच्या, ‘काल जेवायला काय होतं?’

सुकट होती, पापड होता, आंब्याचं लोणचं होतं. मीठ पोटात गेलं की तहान लागते, पाणी पिणं वाढतं आणि ते काढायला तीव्र पिशवी लागते. माझ्या मते पडद्याची निम्मी राखण स्वयंपाकघरातच होते. आमच्याकडे सुकट बंद झाली. आमटीत मीठ नावापुरतं आणि वर कोकम, लसणीची फोडणी. मामंजी आठवडाभर रुसले, पण तीव्र पिशव्या खरोखरच कमी झाल्या. रात्रीच्या लांब मुक्कामासाठी डॉक्टरांनी ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी दिली. महाग आहे, तरी दिवसाकाठी एका पिशवीचं ग्लुकोज टळतं.

दुसरा शत्रू जंतुसंसर्ग. पिशवी बदलताना खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने धुऊन कोरडे. निघालेली पिशवी मी वर्तमानपत्रावर ठेवते. खालची अक्षरं वाचता आली की द्रव स्वच्छ. एका पावसाळी सकाळी ती दिसेनात, पोटही दुखत होतं. पिशवी तशीच घेऊन इस्पितळ गाठलं. द्रवात पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या. पिशवीतूनच प्रतिजैविकं सुरू झाली. अशा प्रत्येक संसर्गाने पडद्याला ओरखडा उठतो, त्यामुळे त्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो नाही याचं मला आजही बरं वाटतं.

गुडघेदुखीसाठी शेजारच्या काकांनी सुचवलेली वेदनाशामक गोळीही मामंजींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेतली नाही. त्यांना अजून थोडी लघवी होते, आणि अशा गोळ्या उरल्यासुरल्या मूत्रपिंडालाही मारक ठरू शकतात. जेवढं पाणी लघवीवाटे जाईल तेवढं पडद्याला कमी ओढावं लागतं.

पडद्याची ताकद मोजणारी चार तासांची पेट चाचणी नुकतीच पुन्हा झाली. निकाल पहिल्या चाचणीच्या जवळपासच आहे, म्हणून डॉक्टरांनी पिशव्यांचं वेळापत्रक आहे तसंच ठेवलं आहे.