‘मित्राची गोष्ट’ : नेमकी कोणाची?

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाच्या शीर्षकातच एक श्लेष आहे. ‘मित्र’ आणि ‘मित्रा’ या दोन्ही नामांचे षष्ठीचे रूप एकच. त्यामुळे ही गोष्ट सुमित्रा देव हिची, तशीच ती सांगणाऱ्या बापूचीही ठरते. गौरी रामनारायण यांच्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात मैत्रीचा अर्थ उरला, नाव मात्र गळाले.

लोणारसारख्या गावी नाटक बहुधा छापील रूपातच भेटते. एम.ए.च्या वर्गात ही संहिता वाचताना बापूचे निवेदनच सर्वत्र व्यापून राहते. नामावरील मित्राचे प्रेम, तिची तगमग, तिचा आत्मनाश हे सारे त्याच्या सहानुभूतीतून गाळून आपल्यापर्यंत येते. एकदा एका विद्यार्थिनीने मित्राचे संवाद उभे राहून म्हटले आणि बापूची मध्यस्थी एकाएकी अपुरी भासू लागली. विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रोहिणी हट्टंगडी यांनी प्रथम साकारलेल्या या भूमिकेचे मर्म तेव्हा मला उमगले. नाटकातही मित्रा नामाच्या निकट येते ती महाविद्यालयीन नाटकात पुरुषभूमिका करताना; प्रयोगच तिला वाचा देतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमत समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. म्हणून आजच्या रंगकर्मींनी नाटकाचा शेवट बदलावा, असे मला सुचवायचे नाही. तो मृत्यू मित्राच्या प्रकृतीतून येतो की भोवतालच्या माणसांकडून, हे मात्र त्यांना ठरवावेच लागेल. वर्गात मुकाट बसलेल्या एखाद्या मित्राला ही गोष्ट केवळ मरणाची म्हणून मिळू नये.