मोगऱ्याची पट्टी

पहिल्या कम्युनियनच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदा कन्फेशनला गुडघे टेकले. वसईतल्या आमच्या चर्चमध्ये भिंतीलगत लाकडी पेटी होती आणि तिच्या मधोमध बारीक भोकांची जाळी. पलीकडे फादरांचा कान तेवढा दिसायचा. आईला उलट बोललो, भावाला मारलं, प्रार्थना चुकवली, अशी धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलेली यादी मी म्हटली. तीन 'नमो मरिया' म्हणायला मिळाल्या आणि मी उड्या मारत घरी आलो.

ही जाळी सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रूढ केली. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात मर्यादा राहावी म्हणून. पुढे मी तिचा आडोसा स्वतःसाठी वापरला.

विशीत मी पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात मोगरा नेत असे. शेजारच्या विधवा काकीची टोपलीही माझ्याकडेच असायची. आडत्याची पट्टी मी खिशात ठेवायचो आणि काकीला किलोमागे दोन रुपये कमी सांगायचो. उपवासकाळ आला की कन्फेशनला जाऊन म्हणायचो, "फादर, खोटं बोललो." शब्द खरे होते. पण त्यांच्याआड काकीची टोपली, दादरचा भाव, खिशातली पट्टी, सारं झाकलं जायचं. अशी दोन वर्षं गेली.

पुढे संत ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स' हाती आलं. सोळाव्या वर्षी सवंगड्यांबरोबर शेजारच्या झाडाची पेअर चोरली, भूक नसतानाही चोरली, बहुतेक डुकरांपुढे टाकली, हे त्यांनी बिशप झाल्यावर लिहिलं. 'चोरी केली' एवढ्यावर ते थांबले नाहीत, झाड कोणतं तेही सांगितलं. मी पुस्तक मिटलं आणि जुन्या पट्ट्या काढून हिशेब मांडला.

त्या वर्षी मी जाळीपाशी आकडा सांगितला. फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसे पोहोचते कर. तोंडाने सांगायचं की नाही, ते तू ठरव."

पाकीट गुपचूप ठेवता आलं असतं. पण लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवला. त्या जकातदाराने चौपट परत करीन म्हटलं, ते येशूसमोर, सगळ्यांच्या देखत. काकी ओटीवर फुलं निवडत होती. मी 310 रुपये आणि पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या, काय केलं ते सांगितलं. तिने नोटा दोनदा मोजल्या. "दोन वर्षं?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तिची टोपली दुसऱ्याकडे गेली.

देवाची क्षमा मला पेटीतच मिळाली, अशी माझी श्रद्धा आहे. पण काकीच्या अंगणावरून रोज पहाटे एकच टोपली घेऊन स्टेशन गाठणं, हे माझं प्रायश्चित्त होतं. ते कुठल्याही प्रार्थनेत उरकणारं नव्हतं.

1973च्या नव्या विधीपासून फादरांसमोर बसूनही पापनिवेदन करता येतं. हल्ली मी समोरच बसतो. जाण्याआधी स्वतःला विचारतो: कोणाचं घेतलं, किती घेतलं, परत केलं का?

पुढचा हंगाम अर्धा सरल्यावर एका पहाटे काकीची टोपली आमच्या ओटीवर दिसली. त्या दुपारी पैशांबरोबर मी पट्टीही तिच्या हातात दिली.

"ही कशाला रे आता?" ती म्हणाली.

हंगाम संपेपर्यंत मी रोज देत राहिलो.