पिरंगुटचा घाट आणि रॉकेटचा धक्का

मुलांनो, पुण्याहून पौडला जाणाऱ्या रस्त्यानं पावसाळ्यात कधी गेला आहात का? चांदणी चौक सोडला की भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा छोटासा घाट. पिरंगुट मागं पडलं की आलंच आमचं कासार आंबोली. रस्त्यालगत आता कारखान्यांच्या भिंतीच जास्त दिसतात. पण जरा आत वळा. ऑगस्टात भातलावणी उरकलेली असते आणि खाचरांत असा काही पोपटी रंग पसरतो, की बघतच राहावं!

७ ऑगस्ट २०२२ला मी या रस्त्यानं येत होते. रविवार होता, पण मुलांना शब्द दिला होता. सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून एसएसएलव्ही हे नवंकोरं छोटं रॉकेट पहिल्यांदाच उडणार होतं. त्यात 'आझादीसॅट' नावाचा ८ किलोचा उपग्रह होता. देशभरातल्या सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी त्यातली ७५ उपकरणं जुळवली होती. आपल्यासारख्याच शाळांतल्या मुली! मग आमच्या पोरी मला सोडतात होय?

घाटात धुकं होतं आणि एका खड्ड्यात बस अशी आदळली की माझी छत्री पुढच्या आजोबांच्या मांडीवर! ड्रायव्हरकाकांनी मात्र स्टीअरिंग सोडलं नाही. हा खड्डा लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

शाळेच्या ओसरीवर एका मोबाइलभोवती वीसेक डोकी जमली. ३४ मीटर उंचीचं ते रॉकेट झेपावलं. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा, सगळं छान. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग पडद्यावरची माणसं एकदम गप्प झाली. दुपारी कळलं, की उपग्रह ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेत जाण्याऐवजी लांबट कक्षेत गेले. तिचं एक टोक होतं फक्त ७६ किलोमीटरवर. तिथं हवा लागते. उपग्रह टिकणार नव्हते.

सोमवारी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, त्या पोरींचं काय चुकलं?" काहीच नाही गं! पण मग चुकलं काय, हे सांगायला मी झाडायचा खराटाच आणला.

खराटा तळहातावर उभा धरून बघा. तो कलला की डोळ्यांना दिसतं, हात तिकडे सरकतो आणि खराटा सावरतो. आता डोळे मिटा. पडला ना? रॉकेटही असंच शेपटीवर उभं राहून पळतं. मी कुठे आहे, जायचं कुठे आणि आत्ता वळू किती, हे तीन प्रश्न ते सारखे स्वतःला विचारत असतं. घाटातले ड्रायव्हरकाकाही हेच करतात, फक्त रॉकेटात काका नसतात. त्यांच्या जागी संगणक असतो, आणि डोळ्यांच्या जागी वेग किती वाढला हे जोखणारे त्वरणमापक. हा संगणक काय विचार करील, हे आधी ठरवणारे इंजिनिअर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात बसतात. उड्डाणाआधी ते जमिनीवरच खोटंखोटं उड्डाण पुन्हापुन्हा करतात. वारा सुटला तर? एखादं यंत्र बिघडलं तर? दिवसभर 'तर' आणि 'तर'! मला तर हे काम आमच्या पहिलीच्या वर्गासारखंच वाटतं.

त्या दिवशी झालं असं. दुसरा टप्पा सुटताना रॉकेटला जोराचा हादरा बसला. डोळ्याची पापणी लवायच्या आतच संपला, पण तेवढ्यात सगळ्या त्वरणमापकांचे आकडे टोकाला गेले. संगणकाला शिकवलं होतं, की असे आकडे आले तर यंत्र बिघडलं समज. त्यानं तसंच समजलं. खरं म्हणजे मापक ठणठणीत होते! पण रॉकेटनं त्यांच्यावर विश्वास टाकायचं सोडलं आणि आधी पाठ करून ठेवलेल्या वाटेनं पुढे गेलं. म्हणजे खड्ड्यात बस आदळली, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली, म्हणून काकांनी 'माझे डोळे गेले' असं ठरवून पुढचा घाट डोळे मिटून उतरावा, तसं. कक्षेत राहायला सेकंदाला सुमारे ७,७०० मीटर वेग लागतो. तो ५६ मीटरनं कमी पडला. एवढ्यानं मुलींचा उपग्रह गेला.

"मग संगणकानं जरा थांबायचं ना!" चौथीतला एक मुलगा म्हणाला. अगदी हेच इंजिनिअरांनी केलं! मापकांना बिघडलेलं ठरवण्याआधी संगणकानं जास्त वेळ वाट पाहायची, असं केलं आणि टप्पे सुटण्याची रचनाही कमी हादरा देणारी केली. आमचा तो पठ्ठ्या आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होता.

१० फेब्रुवारी २०२३. शुक्रवार. घंटा व्हायची होती. वेळ तीच, ९ वाजून १८ मिनिटं. रॉकेटात होता 'आझादीसॅट-२'. तोवर खाचरांतलं भात कापून झालं होतं, घाटातही ऊन होतं. या वेळी पहिल्या टप्प्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्यालाही नाहीत. "दुसरा सुटला, आता बघा," एवढंच कुणीतरी पुटपुटलं. उपग्रह ४५० किलोमीटरच्या कक्षेत सुटल्याचं जाहीर झालं, तेव्हा सातवीतली ती मुलगी मोबाइलकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती.

"बाई, नक्की ना?"

"नक्की गं!"

मग मात्र ओसरीवर असा काही गलका झाला, की शेजारच्या खाचरातले बगळे उडाले.